पानथरी नसलेले मूल आणि त्याचा ताप

आपल्या स्मरणिकेचे वाचक केवळ डॉक्टर नाहीत. त्यांचे कुटुंबीय, व्यापारी, शिक्षक आणि निवृत्त मंडळीही ती आवडीने वाचतात, हे ध्यानात ठेवून प्रस्तुत विषय निवडला आहे. वरकरणी तो शल्यचिकित्सकांचा वाटेल. वस्तुतः तो बालरोगतज्ज्ञाचा, औषधविक्रेत्याचा, वर्गशिक्षकाचा आणि सर्वांत अधिक घरातल्या आजीचा आहे. ज्या मुलाची प्लीहा काढून टाकली आहे, किंवा जागेवर असूनही निकामी झाली आहे, त्याला रोज पेनिसिलिन का द्यावे, किती वर्षे द्यावे, आणि ते चालू असताना ताप आला तर काय करावे, एवढाच हा प्रश्न.

प्लीहा हा ग्रांथिक शब्द. आपल्या आज्या तिला पानथरी म्हणत, आणि बालाघाटच्या बाजारात तिचे नाव तिल्ली. बैहर, बिरसा, परसवाडा या आपल्या जंगलपट्ट्यात पिढ्यानपिढ्या हिवताप नांदला, त्यामुळे तिल्ली म्हणजे काय हे येथे कुणाला समजावून सांगावे लागत नाही. पोटाच्या डाव्या बाजूला हात ठेवून आई स्वतःच सांगते, ‘तिल्ली बढ़ गई है.’ परंतु या परिचयाची दुसरी बाजू अशी की, लोकांच्या लेखी हा अवयव म्हणजे आजाराचे घर होऊन बसला आहे. तो गेला तर बरेच झाले, अशी समजूत मी सुशिक्षित घरांतूनही ऐकली आहे. आमच्या विद्यार्थिदशेतही प्लीहेला फारसा मान नव्हता. हृदय, यकृत, मूत्रपिंड यांची प्रश्नोत्तरे घोकून झाल्यावर उरलेल्या वेळात वाचायचा तो अवयव.

प्रत्यक्षात मूठभर आकाराच्या या अवयवातून शरीरातील रक्त अखंड गाळले जात असते. हृदयातून बाहेर पडणाऱ्या रक्ताचा सुमारे विसावा हिस्सा एकट्या प्लीहेच्या वाट्याला येतो. तेथे रक्ताचा वेग मंदावतो, म्हाताऱ्या तांबड्या पेशी वेचून काढल्या जातात आणि रक्तात शिरलेले जंतू भक्षकपेशींच्या तावडीत सापडतात. काही जंतूंच्या अंगावर शर्करेचे गुळगुळीत कवच असते. न्यूमोकॉकस, मेनिंगोकॉकस आणि हिमोफिलस इन्फ्लुएंझा बी हे त्यांतले प्रमुख. असा जंतू भक्षकपेशीच्या हातून निसटतो. त्याच्या कवचावर आधी प्रतिपिंडे चिकटावी लागतात, मगच तो पकडता येतो. ही प्रतिपिंडे तातडीने बनविणाऱ्या खास पेशी प्लीहेच्या एका विशिष्ट पट्ट्यात राहतात. दोन वर्षांखालील बाळात हा पट्टा मुळातच अपरिपक्व असतो. म्हणजे लहान वय आणि प्लीहेचा अभाव हे दोन्ही एकत्र आले की कवचधारी जंतूला रान मोकळे.

हे वैद्यकाला उमगले ते १९५२ मध्ये. अमेरिकेतील इंडियानापोलिस येथे किंग आणि शुमाकर या दोघांनी जन्मजात रक्तक्षयासाठी प्लीहा काढलेल्या पाच तान्ह्या बाळांची हकिगत प्रसिद्ध केली. शस्त्रक्रिया उत्तम पार पडली होती, रक्तक्षय आटोक्यात आला होता, आणि नंतर या बाळांना जीवघेण्या जंतुसंसर्गाने गाठले होते. पुढे १९७३ मध्ये सिंगर यांनी सुमारे २,८०० रुग्णांची माहिती एकत्र केली, तेव्हा शंभरांत चारांहून थोड्या अधिक जणांना रक्तदोष झालेला आढळला, आणि अडीच जण त्यात दगावले होते. अपघातामुळे प्लीहा गमावलेल्यांत हे प्रमाण कमी होते, थॅलेसेमियाच्या मुलांत ते कित्येक पटींनी अधिक होते. शंभरांत चार हा आकडा ऐकायला लहान वाटतो. त्या चारांची अवस्था पाहिली असेल त्याला तो लहान वाटणार नाही.

परसवाड्याकडच्या एका खेड्यातील नऊ वर्षांचा मुलगा मला आठवतो. जांभळाच्या झाडावरून पडून त्याची प्लीहा फाटली होती. एका दूरच्या शहरात वेळेवर शस्त्रक्रिया झाली आणि त्याचा जीव वाचला. त्या शल्यचिकित्सकांचे कौशल्य वादातीत. दोन वर्षांनी एका सोमवारी शाळेत त्याला हुडहुडी भरली. गुरुजींनी घरी पाठवले. दुपारी गावातल्या दवाखान्यात पॅरासिटामॉल आणि सलाईन मिळाले, संध्याकाळी उलट्या सुरू झाल्या, वाहन मिळून माझ्याकडे पोहोचेपर्यंत मध्यरात्र उलटली. पायांवर जांभळे डाग, हातपाय गार, रक्तदाब लागत नव्हता. पहाटे तो गेला. नागपूरला पाठविलेल्या रक्ताच्या नमुन्यात न्यूमोकॉकस वाढल्याचा अहवाल तिसऱ्या दिवशी आला. वडिलांनी जपून ठेवलेला सुटीचा कागद मी वाचला. शस्त्रक्रियेचे नाव, टाके काढण्याची तारीख, आठवडाभर घ्यायची औषधे, सारे होते. लस, पेनिसिलिन, ताप या तीन शब्दांपैकी एकही नव्हता. वडील मला पुन्हा पुन्हा एकच विचारीत होते, ‘साहेब, जखम तर केव्हाच भरली होती ना?’

या आजाराचा क्रूरपणा त्याच्या वेगात आहे. सकाळी साधा ताप, अंगदुखी, एखादी उलटी. त्याच रात्री किंवा दुसऱ्या दिवशी मृत्यू. एकदा बेशुद्धावस्था आणि रक्तदाब कोसळणे आले की उत्तम अतिदक्षता विभागातही निम्म्याच्या आसपास रुग्ण हाती लागत नाहीत. धोका शस्त्रक्रियेनंतरच्या पहिल्या दोन-तीन वर्षांत सर्वाधिक असला तरी तो पुढे संपत नाही. वीस-वीस वर्षांनंतर असा संसर्ग झाल्याच्या नोंदी आहेत. म्हणूनच लहानपणी, १९९० च्या दशकात, थॅलेसेमियासाठी प्लीहा काढलेले आणि आज संसारी झालेले आपल्याकडचे तरुण-तरुणी बालरोगतज्ज्ञाच्या वहीतून निसटले असले तरी या लेखाच्या विषयातून निसटलेले नाहीत. माझ्या फिजिशियन मित्रांनी पोटावरचा जुना व्रण पाहिला की तो कशाचा, हे अवश्य विचारावे.

आता दुसऱ्या प्रकारच्या मुलांकडे वळतो, कारण आपल्या जिल्ह्यात त्यांचीच संख्या मोठी आहे. यांच्या पोटावर व्रण नसतो. सिकलसेल आजारात विळ्याच्या आकाराच्या ताठर पेशी प्लीहेच्या सूक्ष्म वाटांत अडकतात, तेथील रक्तपुरवठा वारंवार तुटतो, आणि चाकू न लावता प्लीहा आतल्या आत झिजून निकामी होते. १९६९ मध्ये पीअर्सन आणि सहकाऱ्यांनी दाखवून दिले की, सिकलसेलच्या बालकाची प्लीहा हाताला चांगली मोठी लागत असतानाही तिचे गाळण्याचे काम बंद पडलेले असू शकते. आपल्या भागात हा आजार नवा नाही. नागपूरच्या शुक्ला आणि सोळंकी यांनी मध्य भारतातील सिकलसेलविषयीचे टिपण १९५८ मध्येच ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध केले होते. राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियानाचा आरंभही १ जुलै २०२३ रोजी आपल्याच प्रदेशातील शहडोल येथून झाला. चाळीस वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी हे त्याचे उद्दिष्ट. तपासणी हवीच. पण तपासणीत सापडलेल्या बाळाला दुसऱ्या दिवसापासून काय द्यायचे, हा प्रश्न तपासणीइतक्याच मोठ्या अक्षरांत विचारला जावा, असे मला वाटते.

त्याचे उत्तर १९८६ पासून आपल्याजवळ आहे. अमेरिकेत तीन महिने ते तीन वर्षे वयाच्या २१५ सिकलसेलग्रस्त बालकांवर झालेल्या चाचणीत निम्म्यांना दिवसातून दोनदा पेनिसिलिनची गोळी आणि निम्म्यांना तशीच दिसणारी औषधविरहित गोळी दिली गेली. औषधविरहित गटातील ११० पैकी १३ बालकांना न्यूमोकॉकसचा रक्तदोष झाला आणि तिघे दगावले; पेनिसिलिन घेणाऱ्या १०५ पैकी दोघांनाच तो झाला आणि कुणीही त्याने दगावले नाही. संसर्ग ८४ टक्क्यांनी घटला. हा फरक पाहून चाचणी ठरल्या मुदतीच्या आठ महिने आधीच थांबविण्यात आली, कारण उरलेल्या बालकांना निष्प्रभ गोळी देत राहणे नीतीला धरून नव्हते. एवढ्या साध्या, जुन्या आणि स्वस्त औषधाने एवढा मोठा लाभ दिल्याची उदाहरणे बालरोगशास्त्रात थोडीच आहेत. त्याच्या दोन वर्षे आधी जमैकात दर महिन्याला दीर्घकाळ टिकणाऱ्या पेनिसिलिनचे इंजेक्शन देऊन असाच प्रयोग झाला होता. इंजेक्शने चालू असेतो न्यूमोकॉकस आढळला नाही. तिसऱ्या वर्षी ती थांबविल्यावर मात्र काही बालकांत तो पुन्हा डोकावला.

यावर आपल्याकडे एक आक्षेप नेहमी ऐकू येतो, आणि तो आदराने ऐकण्यासारखा आहे. भारतातील सिकलसेल सौम्य. आपल्या रुग्णांत गर्भावस्थेतील हिमोग्लोबिनचे प्रमाण अधिक राहते, प्लीहा अधिक वर्षे टिकते, म्हणून पाश्चात्त्य देशांची पेनिसिलिनची शिस्त येथे लावण्याचे कारण नाही, असा तो आक्षेप. ओडिशातील रुग्णांवरील १९८६ च्या अभ्यासात तसे चित्र दिसलेही होते. परंतु नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातील डॉ. दीप्ती जैन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी विदर्भातील मुलांची जी माहिती २०१२ आणि नंतर २०१६ मध्ये मांडली, ती सौम्यपणाच्या समजुतीला धक्का देणारी आहे. वैनगंगेच्या अलीकडची आणि पलीकडची मुले मला तरी वेगळी दिसलेली नाहीत. शिवाय मोठी प्लीहा हे उत्तम प्लीहेचे प्रमाणपत्र नव्हे, हे पीअर्सन यांनी केव्हाच दाखवले आहे. उलट प्लीहा टिकून राहते म्हणूनच आपल्याकडे तिच्यात एकाएकी रक्त साठून मूल पांढरेफटक पडण्याचे प्रसंग पुन्हा पुन्हा येतात, आणि शेवटी काही मुलांची प्लीहा काढावीच लागते. म्हणजे ती मुले फिरून पहिल्या प्रकारात जमा होतात.

‘आमच्याकडे न्यूमोकॉकस सापडतच नाही’ हे विधानही तपासून पाहावे. खेड्यातून येणाऱ्या तापाच्या मुलाला वाटेत दोन ठिकाणी प्रतिजैविकाची सुई मिळालेली असते. त्यानंतर घेतलेल्या रक्तात जंतू वाढणार कसा? आणि जो वाटेतच गेला त्याचे रक्त कोण घेणार? आफ्रिकेतही अशीच समजूत होती. २००९ मध्ये केनियातील किलिफी येथे हजारो मुलांचे रक्त शिस्तीने तपासले गेले, तेव्हा सिकलसेलच्या मुलांत न्यूमोकॉकसचा धोका इतर मुलांच्या कित्येक पट अधिक असल्याचे निघाले. माझे मत स्पष्ट आहे: आपल्याकडील संशोधन पूर्ण होईपर्यंत वाट पाहण्याची किंमत मुलांनी मोजू नये. निदान झालेल्या प्रत्येक सिकलसेलग्रस्त बालकाला मी पेनिसिलिन सुरू करतो.

सहकाऱ्यांसाठी मात्रा थोडक्यात देतो. सिकलसेलच्या बाळाला वयाच्या दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यापासून पेनिसिलिन व्ही १२५ मि.ग्रॅ. दिवसातून दोनदा, तीन वर्षांनंतर २५० मि.ग्रॅ. दोनदा. २५० मि.ग्रॅ. म्हणजे चार लाख युनिट, हे गोळीच्या पट्टीवर युनिट छापलेले असतील तेव्हा उपयोगी पडते. पेनिसिलिनची ॲलर्जी असेल तर एरिथ्रोमायसिन. पेनिसिलिनच्या गोळ्या बाजारातून मधूनमधून अदृश्य होतात. अशा वेळी काहीच न देण्यापेक्षा वजनानुसार ॲमॉक्सिसिलिन द्यावे. जेथे रोजची गोळी होणारच नाही, तेथे संधिवाती हृदयरोगासाठी आपण जे दर तीन आठवड्यांचे बेंझाथिन पेनिसिलिन देतो, ती वाट चोखाळता येते. सुईची तारीख आपल्या लोकांना गोळीच्या वेळेपेक्षा चांगली लक्षात राहते, हा माझा अनुभव आहे. प्लीहा खरोखर काम करते की नाही याची शंका असेल तर महागड्या तपासणीसाठी अडून राहू नये. रक्ताची साधी काच रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहावी. तांबड्या पेशींत हॉवेल-जॉली कण दिसले, तर प्लीहेने आपले काम सोडले आहे असे समजावे.

औषध किती वर्षे, यावर मतभेद आहेत. सिकलसेलच्या ४०० मुलांत पाच वर्षांनंतर औषध थांबवून पाहणारी चाचणी १९९५ मध्ये प्रसिद्ध झाली; थांबविणाऱ्या आणि चालू ठेवणाऱ्या गटांत लक्षणीय फरक दिसला नाही. त्यामुळे पाच वर्षांनंतर थांबविण्याची मुभा मिळाली. पण या चाचणीत प्लीहा शस्त्रक्रियेने काढलेली किंवा पूर्वी न्यूमोकॉकसचा गंभीर संसर्ग झालेली मुले घेतलीच नव्हती, आणि नेमके हेच कलम लोक विसरतात. अशा मुलांना ती मुभा लागू नाही. ब्रिटनमध्ये अधिक धोका असलेल्यांना आयुष्यभर औषध घेण्याचा सल्ला देतात. मी स्वतः शस्त्रक्रियेनंतर निदान तीन वर्षे, आणि कोणत्याही परिस्थितीत पाच वर्षांचे वय पूर्ण होईपर्यंत, औषध थांबवीत नाही; थॅलेसेमियाच्या मुलांत आणि ज्यांचे घर रुग्णालयापासून दोन तासांहून लांब आहे अशांत सोळाव्या वर्षापर्यंत नेतो. घराचे अंतर हा पाठ्यपुस्तकातील निकष नाही. तो बालाघाटचा निकष आहे.

लसींचा विचार शस्त्रक्रियेच्या आधी व्हावा. ठरवून करायच्या शस्त्रक्रियेपूर्वी निदान दोन आठवडे, आणि तातडीने करावी लागली तर नंतर दोन आठवड्यांनी, न्यूमोकॉकस, हिमोफिलस आणि मेनिंगोकॉकस यांच्या लसी द्याव्यात. दोन वर्षांपुढील मुलाला संयुग्म न्यूमोकॉकस लशीनंतर आठ आठवड्यांनी तेवीस प्रकारांची लस, आणि तीच पाच वर्षांनी पुन्हा एकदा. दरवर्षी इन्फ्लुएंझाची लस आणि आपल्या देशात विषमज्वराची लसही विसरू नये. शासकीय लसीकरणात संयुग्म न्यूमोकॉकस लस मध्यप्रदेशात २०१८ मध्ये आली आणि २०२१ मध्ये तिचा देशभर विस्तार झाला. त्याआधी जन्मलेली, म्हणजे आज शाळेत जाणारी, मुले या लशीला बहुधा मुकलेली आहेत. त्यांचे लसीकरण पत्रक ‘पूर्ण’ असे सांगत असले तरी. रक्तविकारासाठी प्लीहा काढायचीच असेल तर ती शक्यतो सहा वर्षांनंतर काढावी, आणि अपघातात फाटलेली प्लीहा रुग्णाची प्रकृती स्थिर असेल तर वाचवावी, हे आता आपले शल्यचिकित्सक मित्र आवर्जून पाळतात, याचा मला आनंद आहे.

एवढे सारे लिहिणे सोपे. अवघड आहे ते धडधाकट दिसणाऱ्या मुलाला वर्षानुवर्षे रोज दोनदा गोळी देणे. आजारी मुलाला औषध देण्यात आईला समाधान असते; खेळणाऱ्या मुलाला देण्यात तिला शंका येते. ‘बच्चा तो चंगा है, गोली काहे की?’ हा प्रश्न मला आठवड्यातून एकदा तरी येतो. मी त्यांना धानाच्या शेताची राखण सांगतो: रानडुक्कर आज आले नाही म्हणून माचाण कुणी मोडत नाही. बैहर तालुक्यातील एका आजीबाईंनी माझ्या सर्व युक्त्यांवर मात केली. नातीला सकाळी चुलीवर चहा ठेवताना एक आणि संध्याकाळी दिवा लावताना एक गोळी द्यायची, आणि दिली की चुलीमागच्या भिंतीवर कोळशाने रेघ ओढायची. त्यांना अक्षरओळख नाही. दर दोन महिन्यांनी मुलाने मोबाईलवर काढलेले भिंतीचे छायाचित्र मला दाखवितात. चुकलेल्या वेळी त्यांनी रिकामी जागा प्रामाणिकपणे सोडलेली असते. सुनेला बाळंतपणासाठी माहेरी जावे लागले त्या आठवड्यात तेथे मोठी पोकळी दिसली आणि मला काही विचारावे लागले नाही.

तरीही पेनिसिलिन हे अभेद्य कवच नव्हे. गोळी चुकते, पेनिसिलिनला न जुमानणारे न्यूमोकॉकस आपल्या देशात आहेत, आणि लशीत नसलेले प्रकारही आहेत. म्हणून गोळी चालू असलेल्या मुलाचा तापदेखील तेवढाच गंभीर मानावा. काखेत शंभर किंवा त्याहून अधिक ताप, हुडहुडी, उलट्या, अकारण सुस्ती यांपैकी काहीही दिसले तर सकाळची वाट पाहू नये. दुर्गम गावातील पालकांजवळ मी वजनानुसार ॲमॉक्सिसिलिनची उपचाराची मात्रा लिहून ठेवलेली असते. पहिली मात्रा देऊन त्यांनी लगेच निघायचे. मार्गावरील आरोग्य केंद्रातील डॉक्टरांना माझी हात जोडून विनंती अशी की, पुढे पाठविण्यापूर्वी सेफ्ट्रायॅक्सोनचे पहिले इंजेक्शन, किलोमागे ५० ते ७५ मि.ग्रॅ., तेथेच द्यावे. शीर सापडली नाही तर स्नायूत द्यावे. रक्ताचा नमुना घेता आला तर उत्तम. त्यासाठी इंजेक्शन अडवू नये. आपल्या भागात हिवतापाची तपासणीही त्याच वेळी करावी, कारण प्लीहेविना हिवतापही बळावतो. पण हिवताप निघाला म्हणून सेफ्ट्रायॅक्सोन टाळू नये. आणि कुत्रे चावले तर रेबीजच्या लशीबरोबर प्रतिजैविकही सुरू करावे, कारण कुत्र्याच्या लाळेतील एक जंतू अशा मुलांत प्राणघातक ठरतो.

हे सर्व पालकांच्या लक्षात राहील अशी अपेक्षा मी धरीत नाही. म्हणून गेली काही वर्षे मी हिंदीत एक चिठ्ठी लिहून देतो. वर लाल शाईत ‘इस बच्चे की तिल्ली काम नहीं करती’, खाली मुलाचे वजन, रोजची गोळी, दिलेल्या लसींच्या तारखा, आणि ताप आल्यास द्यावयाच्या इंजेक्शनचे नाव व मात्रा. दर सहा महिन्यांनी वजन बदलले की चिठ्ठी बदलते. तिच्या तीन प्रती असतात: एक सिकलसेल कार्डाच्या पाकिटात, एक गावातील आशा दीदींकडे, आणि एक शाळेत, हजेरीपटाच्या पुठ्ठ्याच्या आतल्या बाजूला चिकटविलेली.